इच्छामरण आणि इस्लाम : मशीन काढणे म्हणजे जीव घेणे आहे का?

आयसीयूच्या बाहेरच्या बाकड्यावर बसलेली कुटुंबे आपण सगळ्यांनीच पाहिली आहेत. कधीतरी आपणही तिथे बसलो आहोत. आत अब्बा व्हेंटिलेटरवर असतात. डॉक्टर बाहेर येऊन सांगतात, "आता सुधारणा होण्याची आशा राहिलेली नाही. पुढे काय करायचं ते घरच्यांनी बसून ठरवा." मोठा भाऊ म्हणतो, मशीन काढणं म्हणजे आपल्या हाताने बापाचा जीव घेणं. बहीण म्हणते, त्यांचे हाल मला बघवत नाहीत. कोणीतरी मोहल्ल्यातल्या इमामसाहेबांना फोन लावतं. इमामसाहेबांना रुग्णाची नेमकी अवस्था माहीत नसते आणि डॉक्टरांना शरीअतचा मसला माहीत नसतो. दरम्यान बिलिंग काउंटरवरून डिपॉझिटसाठी पुन्हा बोलावणं येतं.

अशा वेळी निर्णय काहीही झाला, तरी नंतर वर्षानुवर्षे घरातला कोणी ना कोणी स्वतःला दोष देत राहतो. मशीन काढले असेल तर "आम्हीच अब्बांना मारलं का?" आणि काढले नसेल तर "आम्ही त्यांना शेवटी उगाच छळलं का?"

इच्छामरणाची चर्चा आपल्याकडे बहुतेक वेळा 'इस्लाममध्ये हराम आहे' या एका वाक्यावर संपते. वाक्य बरोबर आहे, पण बाकड्यावर बसलेल्या त्या कुटुंबाला ते पुरत नाही. हराम नेमके काय आहे, जाइज काय आहे, आणि भारतीय कायदा कशाला परवानगी देतो, हे तीन प्रश्न वेगवेगळे करून पाहावे लागतात. या लेखात आम्ही ते तीनही घेतले आहेत.

आधी शब्द समजून घेऊ

'इच्छामरण' या एका शब्दाखाली चार वेगळ्या गोष्टी एकत्र केल्या जातात.

पहिली, सक्रिय इच्छामरण. डॉक्टरने किंवा दुसऱ्या कोणी रुग्णाच्या विनंतीवरून, मृत्यू यावा म्हणूनच इंजेक्शन किंवा औषध देणे. नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये २००२ पासून आणि कॅनडात २०१६ पासून ठरावीक अटींवर हे कायदेशीर आहे.

दुसरी, सहाय्यित आत्महत्या. यात डॉक्टर औषध लिहून देतो आणि रुग्ण ते स्वतः घेतो. स्वित्झर्लंडमध्ये आणि अमेरिकेतील ओरेगॉनसारख्या काही राज्यांत याला मुभा आहे.

तिसरी, उपचार सुरू न करणे किंवा सुरू असलेला निरुपयोगी उपचार थांबवणे. आजार असाध्य आहे, मशीनमुळे फक्त श्वास चालू आहे, अशा वेळी मशीन बाजूला करून मृत्यूला त्याच्या वाटेने येऊ देणे. आपल्या न्यायालयांनी यालाच 'निष्क्रिय इच्छामरण' म्हटले आहे. अनेक डॉक्टरांना हा शब्दच पसंत नाही, कारण इथे माणूस आजाराने जातो, कोणाच्या कृतीने नाही.

चौथी, वेदना कमी करण्याचे उपचार. मॉर्फिनसारखी औषधे यात येतात. याला इच्छामरण म्हणणे चूकच आहे, पण गैरसमजापोटी अनेक घरांत हे औषध नाकारले जाते.

रुग्णाच्या अवस्थेबद्दलही असाच घोळ होतो. कोमातला रुग्ण बेशुद्ध असतो, पण जिवंत असतो आणि काही रुग्ण त्यातून बाहेर येतात. 'व्हेजिटेटिव्ह' अवस्थेत डोळे उघडतात, झोप आणि जाग यांचे चक्र चालू राहते, श्वासही बहुधा स्वतःचा असतो, पण आजूबाजूचे भान नसते. 'ब्रेन डेथ' म्हणजे संपूर्ण मेंदूचे काम कायमचे बंद होणे. तिथे श्वास फक्त मशीनवर चालतो आणि तो परत येत नाही. डॉक्टर बोलत असताना "नेमकी कोणती अवस्था आहे?" हे विचारलेच पाहिजे. शरीअतचा मसला आणि कायदा, दोन्ही या उत्तरावर अवलंबून आहेत.

जीव ही अमानत आहे

इच्छामरणाच्या बाजूने दिला जाणारा मुख्य युक्तिवाद असा आहे : माझे शरीर माझे आहे, तेव्हा कधी मरायचे हेही मीच ठरवणार. हा युक्तिवाद हलका नाही. तो मांडणारे बरेच जण स्वतः भयंकर वेदनेत असतात. त्यांची टिंगल करणे किंवा त्यांना ईमानवरून बोलणे आपल्याला शोभत नाही.

पण इस्लामचा पाया वेगळा आहे. आपला जीव ही आपली मालमत्ता नाही, ती अल्लाहने आपल्याकडे सोपवलेली अमानत आहे. कुरआनच्या सूरह निसामध्ये (आयत २९) स्वतःचा जीव घेण्यास स्पष्ट मनाई आहे, आणि त्याच आयतीत अल्लाह तुमच्यावर दयाळू असल्याची आठवणही आहे. सूरह माइदामध्ये (आयत ३२) एका निष्पाप माणसाची हत्या ही साऱ्या मानवजातीच्या हत्येसारखी आणि एक जीव वाचवणे हे सगळ्यांना वाचवण्यासारखे सांगितले आहे. शरीअतच्या पाच मूळ उद्देशांत जीवाचे रक्षण, म्हणजे हिफ्ज-ए-नफ्स, येते ते यामुळेच.

सहीह बुखारीतील एका हदीसमध्ये प्रेषित मुहम्मद (स.) यांनी पूर्वीच्या काळातील एका माणसाची हकीकत सांगितली आहे. त्याला जखम झाली होती. वेदना सहन न होऊन त्याने सुरीने आपला हात कापून घेतला आणि रक्त वाहून तो गेला. अल्लाहने त्याची ही घाई नापसंत केली. इथे आजार खरा होता, वेदनाही खरी होती, तरी जीव संपवण्याची परवानगी मिळाली नाही. म्हणूनच सक्रिय इच्छामरण आणि सहाय्यित आत्महत्या हराम असण्यावर उलेमांचे एकमत आहे. रुग्णाने स्वतः विनवणी केली, नातेवाइकांनी सही केली, डॉक्टरने दयेपोटी केले, यांपैकी कशानेही हुकूम बदलत नाही. उर्दू फतव्यांमध्ये या कृत्याला 'कत्ल ब-जज्बा-ए-रहम' म्हणतात. दयेच्या भावनेने केलेला असला तरी तो कत्लच, असा त्या शब्दांचा रोख आहे.

ही भूमिका फक्त मुसलमानांची नाही. २८ ऑक्टोबर २०१९ रोजी व्हॅटिकनमध्ये मुस्लिम, ख्रिस्ती आणि ज्यू धर्मांच्या प्रतिनिधींनी एका संयुक्त निवेदनावर सह्या केल्या. त्यात सक्रिय इच्छामरण आणि डॉक्टरी मदतीने आत्महत्या यांना विरोध केला, आणि वेदनाशामक सेवा प्रत्येक ठिकाणी मिळावी असा आग्रह धरला.

पण मग प्रत्येक उपचार घेणे फर्ज आहे का?

नाही. आपल्या घरांतला सगळा गोंधळ इथे आहे. स्वतःहून जीव घेणे हराम आहे, यावरून आपण असे धरून चालतो की हॉस्पिटल जे जे देऊ शकते ते ते सगळे शेवटच्या श्वासापर्यंत करत राहणे बंधनकारक आहे. फिक्ह असे म्हणत नाही.

उपचार करण्याची शिकवण प्रेषितांनीच (स.) दिली. अबू दाऊद आणि तिर्मिजी यांच्या संग्रहांतील हदीसनुसार त्यांनी औषधोपचार करण्यास सांगितले, कारण अल्लाहने प्रत्येक आजारावर इलाज ठेवला आहे, आणि त्याच वेळी एक अपवादही सांगितला : वार्धक्य. म्हाताऱ्या शरीराच्या थकण्यावर औषध नाही, हे आपल्याला तेव्हाच सांगून झालेले आहे.

दुसरी रिवायत बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे. एका स्त्रीला मिरगीचा त्रास होता. ती दुआ मागायला आली. प्रेषितांनी (स.) तिला दोन पर्याय दिले : हवे तर सब्र कर, त्याचा मोबदला जन्नत आहे, हवे तर मी शिफासाठी दुआ करतो. तिने सब्र निवडला. तिने बरे होण्याचा प्रयत्न सोडला म्हणून तिला गुन्हेगार ठरवले गेले नाही.

इमाम गझाली यांनी 'इह्या उलूमुद्दीन'मध्ये यावर जो खुलासा केला आहे, तो आजच्या आयसीयूलाही लागू पडतो. त्यांनी उपायांचे तीन प्रकार केले. काही उपायांचा फायदा निश्चित असतो, जसे तहानेला पाणी आणि भुकेला भाकरी. काहींचा फायदा होण्याची शक्यता असते. आणि काहींचा फायदा केवळ कल्पनेतला असतो. निश्चित फायद्याचा उपाय सोडणे म्हणजे तवक्कुल नव्हे, तो गुन्हा आहे. कल्पनेतल्या उपायामागे धावणे मात्र बंधनकारक नाही.

इंटरनॅशनल इस्लामिक फिक्ह अकॅडमीने १९९२ साली जेद्दाहमध्ये उपचारांबद्दल ठराव केला, तोही याच दिशेचा आहे. उपचार सोडल्याने जीव जाणार असेल, अवयव निकामी होणार असेल किंवा रोग दुसऱ्यांना लागणार असेल, तर उपचार घेणे वाजिब. त्याखाली मंदूब, मुबाह आणि मकरूह अशा पायऱ्या आहेत.

व्यवहारात याचा अर्थ असा. मधुमेह असलेल्याने कंटाळा आला म्हणून इन्सुलिन बंद करणे, अपघातात रक्त द्यायची गरज असताना नकार देणे, बरा होण्यासारखा कॅन्सर असताना "अल्लाहची मर्जी" म्हणून घरी बसणे, हे जाइज नाही. पण ऐंशी वर्षांच्या आजीचा कॅन्सर सगळीकडे पसरला आहे आणि डॉक्टरच सांगत आहेत की आणखी एक केमो दिल्याने त्रास वाढेल, आयुष्य नाही, तर तो केमो नाकारणे ही आत्महत्या नाही.

व्हेंटिलेटरबद्दल उलेमांचे निर्णय

व्हेंटिलेटर हे गेल्या शतकातले यंत्र. जुन्या किताबांत त्याचा थेट मसला सापडत नाही, म्हणून उलेमा आणि डॉक्टर एकत्र बसले.

ऑक्टोबर १९८६ मध्ये अम्मान येथे इंटरनॅशनल इस्लामिक फिक्ह अकॅडमीने निर्णय दिला की मेंदूची सगळी कामे कायमची थांबली आहेत आणि ती परत येणार नाहीत, असे तज्ज्ञ डॉक्टरांनी सांगितले, तर ती व्यक्ती मृत मानावी. यंत्रामुळे हृदय धडधडत असले तरी यंत्र काढणे जाइज आहे.

१९८७ मध्ये मक्केत मुस्लिम वर्ल्ड लीगच्या फिक्ह परिषदेने थोडी वेगळी भूमिका घेतली. तीन तज्ज्ञ डॉक्टरांनी मेंदू कायमचा बंद पडल्याचे सांगितले तर यंत्र काढता येईल, पण शरीअतनुसार मृत्यू मात्र श्वास आणि हृदय पूर्ण थांबल्यावरच धरावा. हा फरक किरकोळ वाटतो, पण तसा नाही. इद्दत कधी सुरू होणार आणि विरासतीचा हक्क कोणत्या क्षणापासून लागू होणार, हे त्यावर ठरते. आपल्या देशातील अनेक उलेमा ब्रेन डेथलाच मृत्यू मानायला तयार नाहीत. त्यांच्या दृष्टीने मक्केतला निर्णय अधिक जवळचा आहे.

सौदी अरेबियाच्या फतवा समितीने १४०९ हिजरीत, म्हणजे १९८९ मध्ये, आणखी पुढचा प्रश्न हाताळला. तीन विश्वासू तज्ज्ञ डॉक्टरांचे एकमत असेल की आजार असाध्य आहे आणि छाती दाबून किंवा शॉक देऊन हृदय पुन्हा सुरू करण्याचा उपयोग नाही, तर ती उपकरणे वापरण्याची गरज नाही, असे तिने सांगितले. भारतातील इस्लामिक फिक्ह अकॅडमीनेही आपल्या सेमिनारात हा विषय घेतला. डॉक्टर रुग्णाच्या जगण्याबद्दल पूर्ण निराश झाले असतील, तर वारसांना श्वासाचे कृत्रिम यंत्र काढण्याची मुभा आहे, असा तिचा निष्कर्ष आहे.

या सगळ्या निर्णयांत एक अट समान आहे. रुग्णाला आशा नाही हे ठरवण्याचे काम जाणकार आणि भरवशाच्या डॉक्टरांचे आहे, एकट्या डॉक्टरचे नाही आणि नातेवाइकांच्या अंदाजाचे तर नाहीच. आशा शिल्लक असेल तर यंत्र काढता येत नाही.

तेव्हा बाकड्यावरच्या त्या मोठ्या भावाला आमचे उत्तर असे : अब्बांचा आजार असाध्य आहे यावर तज्ज्ञांचे एकमत असेल आणि मशीन केवळ मरण लांबवत असेल, तर ते काढणे म्हणजे जीव घेणे नव्हे. अब्बांना नेणारा त्यांचा आजार आहे, आणि वेळ ठरवणारा अल्लाह.

अन्न, पाणी आणि वेदनेचे औषध

व्हेंटिलेटर काढणे एक आणि अन्न-पाणी तोडणे दुसरे. नळीने दिलेले अन्न हा वैद्यकीय उपचार आहे असे अनेक डॉक्टर आणि न्यायालये मानतात. बहुतेक उलेमा मात्र अन्न-पाण्याला माणसाची मूळ गरज मानतात. गझालींच्या भाषेत तो निश्चित फायद्याचा उपाय आहे. उत्तर अमेरिकेतील मुस्लिम डॉक्टरांच्या संघटनेने २००५ साली शेवटच्या आजाराबद्दल भूमिका जाहीर केली. मृत्यू अटळ असेल तर अनावश्यक यंत्रे नकोत, पण अन्न, पाणी आणि वेदनाशमन थांबवू नये, असे तिने म्हटले.

यात एक बारकावा आहे. अगदी शेवटच्या दिवसांत शरीर स्वतःच अन्न-पाणी घेणे बंद करते. त्या वेळी सलाईन चढवत राहिले तर फुप्फुसात पाणी साठते आणि धाप वाढते. तेव्हा ओल्या कापसाने ओठ भिजवणे, चमच्याने थेंबभर पाणी देणे, एवढेच योग्य असते. "तुम्ही अम्मीला उपाशी ठेवलं" असा टोमणा मारण्याआधी पाहुण्यांनी हे समजून घ्यावे.

मॉर्फिनबद्दलची भीती तर सोडूनच द्यायला हवी. वेदनेसाठी डॉक्टरांच्या मापाने दिलेले मॉर्फिन नशा नाही. जरूरतच्या नियमाने ते जाइज आहे. डॉक्टरांचा हेतू वेदना कमी करण्याचा असतो आणि मात्रा हळूहळू वाढवली जाते. आजारपणातल्या त्रासाने गुनाह झडतात, अगदी काटा टोचला तरी झडतात, ही हदीस आपण सगळे जाणतो. पण ती रुग्णाला धीर देण्यासाठी आहे. आपण त्याचे औषध अडवून ठेवावे म्हणून नाही.

भारतीय कायदा कुठे आहे?

या कायद्याची गोष्ट मुंबईत सुरू होते. अरुणा शानबाग केईएम रुग्णालयात परिचारिका होत्या. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयातच त्यांच्यावर एका सफाई कामगाराने अमानुष हल्ला केला. मेंदूला इजा झाली आणि त्या पुन्हा शुद्धीवर आल्या नाहीत. पत्रकार पिंकी विराणी यांनी त्यांच्यासाठी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. ७ मार्च २०११ रोजी न्यायालयाने अरुणा यांच्या बाबतीत परवानगी नाकारली, पण उच्च न्यायालयाच्या मंजुरीने निष्क्रिय इच्छामरण होऊ शकते, असे देशात पहिल्यांदा सांगितले. उच्च न्यायालयाची अट कशासाठी, तर मालमत्तेच्या लोभाने नातेवाईक याचा गैरफायदा घेतील, अशी न्यायाधीशांना भीती होती. ती भीती आजही खोटी नाही.

केईएमच्या परिचारिकांचा या याचिकेला विरोध होता. एकीची नोकरी संपली की दुसरी, अशा पिढ्यांनी त्यांनी आपल्या सहकारी भगिनीची सेवा केली. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने अरुणा गेल्या. ४१ वर्षांहून अधिक काळ त्या अंथरुणाला खिळून होत्या. खिदमत कशी असते, हे त्या परिचारिकांकडून कोणीही शिकावे.

त्याआधी १९८६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा देणारे कलम ३०९ घटनाबाह्य ठरवले होते. १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तसेच म्हटले. पण १९९६ च्या ग्यान कौर खटल्यात पाच न्यायाधीशांच्या पीठाने तो निकाल फिरवला : जगण्याच्या हक्कात मरण्याचा हक्क येत नाही, मात्र सन्मानाने मरण येण्याचा हक्क येतो.

हाच धागा ९ मार्च २०१८ च्या 'कॉमन कॉज' निकालात पुढे गेला. पाच न्यायाधीशांच्या पीठाने निष्क्रिय इच्छामरणाला आणि 'लिव्हिंग विल'ला मान्यता दिली. पण त्यासाठीची प्रक्रिया इतकी किचकट होती की ती कागदावरच राहिली. म्हणून २४ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयाने ती सोपी केली.

सक्रिय इच्छामरण मात्र भारतात आजही गुन्हा आहे. रुग्णाने संमती दिली असली तरी गुन्हाच. म्हणजे मुख्य मुद्द्यावर देशाचा कायदा आणि शरीअत यांच्यात भांडण नाही. दोघेही जीव घेण्याला मनाई करतात आणि निष्फळ उपचार थांबवण्याला अटींसह वाट देतात.

प्रक्रिया कशी आहे?

रुग्णालयात निर्णय घ्यायचा असेल तर आधी प्राथमिक वैद्यकीय मंडळ बसते. त्यात उपचार करणारे डॉक्टर आणि किमान पाच वर्षांचा अनुभव असलेले दोन तज्ज्ञ असतात. मग दुय्यम मंडळ बसते. त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला एक डॉक्टर आणि आधीच्या मंडळात नसलेले दोन तज्ज्ञ असतात. प्रत्येक मंडळाने शक्यतो ४८ तासांत मत द्यायचे असते. घरच्यांची किंवा रुग्णाने नेमलेल्या व्यक्तीची लेखी संमती लागते. अंमलबजावणीआधी रुग्णालय न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवते. मतभेद झाले तर उच्च न्यायालयात जाता येते. रुग्णाने आधी काही लिहून ठेवले नसेल तरीही याच मार्गाने निर्णय होऊ शकतो.

लिव्हिंग विल करायचे असेल तर व्यक्ती सज्ञान आणि शुद्धीत हवी, दबाव नको. कागदावर दोन साक्षीदारांसमोर सही करायची आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून ते प्रमाणित करून घ्यायचे. आपण बोलू शकणार नाही तेव्हा निर्णय कोणी घ्यायचा, त्यांची नावे त्यात लिहायची. एक प्रत कुटुंबाच्या डॉक्टरकडे आणि एक स्थानिक स्वराज्य संस्थेने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्यायची. मन बदलले तर ते केव्हाही लेखी रद्द करता येते.

याला 'विल' म्हणत असले तरी मालमत्तेच्या वसीयतीशी याचा संबंध नाही. एक तृतीयांशाचा नियम इथे लागू होत नाही. मुस्लिम व्यक्तीने हा कागद करताना त्यात पुढील गोष्टी स्पष्ट लिहाव्यात, असे आम्ही सुचवतो :

- जीव संपवण्याच्या हेतूने कोणतेही औषध देऊ नये.
- बरे होण्याची आशा असेपर्यंत उपचार चालू ठेवावेत.
- तज्ज्ञांच्या मते आशा नसेल तर व्हेंटिलेटर, छाती दाबणे, शॉक देणे टाळावे.
- शरीर घेईल तोवर अन्न-पाणी द्यावे, वेदनेचे औषध आणि स्वच्छता शेवटपर्यंत ठेवावी.
- मसल्यासाठी कोणत्या आलिमांना विचारायचे, त्यांचे नाव.
- शेवटच्या वेळी जवळ कोणी असावे, कलिमा कोणी ऐकवावा.

कर्ज, अमानती, सुटलेले रोजे आणि त्यांचा फिदया यांची नोंद वेगळ्या कागदावर ठेवली तर मागे राहणाऱ्यांना सोपे जाते.

पैशांचा प्रश्न

हा प्रश्न सगळ्यांच्या मनात असतो आणि तोंडावर कोणी आणत नाही. दागिने मोडून, उसनवारी करून, घर गहाण टाकून आशा नसलेल्या रुग्णाचे दिवस वाढवले जातात, कारण "लोक काय म्हणतील, पोरांनी बापासाठी एवढंही केलं नाही?" शरीअत ऐपतीबाहेरचा बोजा टाकत नाही. निश्चित उपयोगाचा उपचार असेल तर घरच्यांनी, नातेवाइकांनी, जमातीने मिळून पैसे उभे करावेत. हक्कदार रुग्णाला जकातही देता येते. पण डॉक्टरांनी हात टेकल्यावर केवळ लोकलाजेखातर कर्ज काढणे हे सवाबचे काम नाही.

उलट बाजूही सांगायला हवी. पैसे वाचतील म्हणून, जमिनीची वाटणी लवकर होईल म्हणून, किंवा म्हातारीची सेवा सुनेवर पडते म्हणून "आता बस झालं" म्हणणे हा मोठा जुलूम आहे. बरे होऊ शकणाऱ्या रुग्णाला डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध सही करून घरी नेण्याचे प्रकार घडतात. त्याला सब्र किंवा तवक्कुल असे नाव देऊ नये.

"मला सोडवा" म्हणणाऱ्या रुग्णाला काय सांगायचे?

मोठ्या आजारात माणूस मरण मागतो. प्रेषितांनी (स.) संकटामुळे मरणाची इच्छा करण्यास मना केले, आणि राहवलेच नाही तर काय मागावे हेही शिकवले : जगणे माझ्यासाठी चांगले असेल तोवर जगव, मरण चांगले असेल तेव्हा ने. म्हणजे वैतागलेल्या माणसाचे तोंड बंद न करता त्याला बोलायला वाट दिली आहे.

रुग्ण "मला सोडवा" म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा त्यामागे तीनपैकी एक कारण असते. वेदना सहन होत नाहीत, एकटे वाटते, किंवा मुलांवर ओझे झाल्याची लाज वाटते. पहिल्यावर औषध आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्यावर औषध आपण आहोत. म्हाताऱ्या आईबापांसमोर 'उफ्' सुद्धा करू नये, असा हुकूम कुरआनने दिला आहे, आणि शेवटचे आजारपण हीच त्याची परीक्षा असते. रुग्ण खचलेला, निराश असेल तर मानसोपचारही उपचारच आहे. सरकारच्या टेली-मानस या १४४१६ क्रमांकावर मोफत बोलता येते.

असाध्य रुग्णांसाठी पॅलिएटिव्ह केअर नावाची वेगळी वैद्यकीय शाखा आहे. वेदना, धाप, मळमळ, जखमा यांवर उपचार करायचे आणि घरच्यांनाही आधार द्यायचा, हे तिचे काम. मुंबईत वांद्र्याला १९८६ पासून शांती आवेदना सदन आहे, पुण्यात वारज्याला सिप्लाचे मोफत केंद्र आहे, टाटा मेमोरियल रुग्णालयात स्वतंत्र विभाग आहे. केरळने २००८ मध्ये या सेवेचे राज्य धोरण आणले. तिथल्या मुस्लिमबहुल मलप्पुरम जिल्ह्यात तर शेजारीपाजारीच स्वयंसेवक म्हणून शिकले आणि घरोघरी जाऊन रुग्णांची काळजी घेऊ लागले. आपल्या मशिदींच्या कमिट्या ॲम्ब्युलन्स आणि जनाजाची सोय करतात, ही चांगलीच गोष्ट आहे. त्याच्या आधीच्या सहा महिन्यांचीही सोय झाली पाहिजे. हवेचा बेड, व्हीलचेअर, घरी येणारी नर्स, रात्री जागायला दोन तरुण. रुग्णाची इयादत करायला जाताना फळांच्या पिशवीसोबत "आज रात्री मी थांबतो, तुम्ही झोपा" एवढे म्हटले तरी पुष्कळ झाले.

आज घरी काय करता येईल?

मरणाबद्दल बोलणे आपल्याकडे अपशकुनी मानले जाते. पण मौत आठवत राहा, ही तर आपली दिनी तालीम आहे. तेव्हा सगळे धडधाकट असताना, एखाद्या जुम्माच्या दुपारी जेवण झाल्यावर अम्मी-अब्बांना विचारावे, "तुम्हाला काय हवं आहे?" मुलींनाही त्या बोलण्यात बसवावे, कारण सेवा बहुतेक वेळा त्याच करतात आणि निर्णयाच्या वेळी त्यांना कोणी विचारत नाही. जे ठरेल ते लिहून ठेवावे. ओळखीच्या आलिमांना आणि घरच्या डॉक्टरांना एकदा एकत्र बसवावे. प्रत्येक रुग्णाची अवस्था वेगळी असते, त्यामुळे आपल्या प्रसंगाचा मसला त्यांच्याकडूनच घ्यावा. हा लेख त्याची जागा घेऊ शकत नाही.

आणि ज्यांनी असा निर्णय आधीच घेतला आहे, डॉक्टरांचे ऐकून, चांगल्या नियतीने, रडत रडत सही केली आहे, त्यांना आम्ही एवढेच सांगू : तुम्ही अब्बांना मारलेले नाही. त्यांच्यासाठी मगफिरतची दुआ करा, त्यांच्या नावाने सदका द्या, आणि स्वतःला माफ करा.